टेकडीवरचा आकडा आणि रस्त्यावरचं ॲव्हरेज

प्रति,
मा. सचिव, केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली
मा. संचालक, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय), पुणे

विषय: मोटारींचं प्रमाणित मायलेज ग्राहकाला दाखवण्याबाबत

महोदय,

ब्रोशरवरचं मायलेज म्हणजे शुद्ध थाप, असं पुण्यातल्या कुठल्याही टपरीवर ऐकायला मिळतं. माझं तसं म्हणणं नाही. तुमच्या प्रयोगशाळेतून निघालेला आकडा खरा असतो. तीच गाडी पुन्हा रोलरवर चढवली तर पुन्हा जवळपास तोच येईल, आणि नियमात तो चोख बसतो. पण तो काढलेला असतो सरकार आणि वाहन कंपन्या यांच्यातल्या हिशेबासाठी. शोरूममध्ये मात्र तोच आकडा माझ्यापुढे गाडी खपवायला ठेवला जातो. एका आकड्याकडून ही दोन कामं करून घेणं बंद करा, एवढ्यासाठी हे पत्र.

मी कोथरूडला राहतो. तुमची संस्था 1966 साली स्थापन झाली. आमच्याकडे निम्म्या लोकांना एआरएआय म्हणजे नक्की काय हे सांगता येणार नाही, पण 'एआरएआय टेकडी' सगळ्यांना ठाऊक असते, कारण सकाळी फिरायला तिथेच जायचं असतं. चाचणी मानेसरच्या आयकॅट या दुसऱ्या चाचणी संस्थेत झालेली असली तरी देशभर लोक 'एआरएआयचं मायलेज'च म्हणतात, त्यामुळे शिव्याही तुमच्याच नावाने पडतात. त्या तुमच्यापर्यंत पोचत नसतील, म्हणून जरा सभ्य भाषेत लिहितो आहे.

माझी गाडी पेट्रोलची, हाताने गियर टाकायची, छोटी एसयूव्ही म्हणतात तसली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कंपनीची घेतली असती तरी पत्र हेच लिहावं लागलं असतं. ब्रोशरवर लिटरला 22 किलोमीटर. कोथरूड ते हिंजवडी आणि परत, एसी लावून, ॲव्हरेज 13-14 च्या पुढे सरकत नाही. कोल्हापूरला जाताना 80-90 चा वेग धरला तर 18 पडतं, आणि त्यात खंबाटकीचा घाट आला म्हणून तक्रार करायची नाही, हे मलाही कळतं.

मोजण्यात घोळ असेल, असं तुमच्या मनात येईल. मी टाकी फुल ते टाकी फुल मोजतो. पंप तोच, शक्यतो नोझलही तोच. ऑटो कट झाला की थांबायचं. पंपावरचा मुलगा हमखास विचारतो, "राउंड फिगर करू का साहेब?" त्याला ठाम नाही म्हणायचं, कारण त्या राउंड फिगरच्या नादात अर्धा-पाऊण लिटर जास्त जातं आणि सगळा हिशेब बोंबलतो. मग ट्रिप मीटर शून्य करायचा. एकदा भरून काढलेल्या आकड्याला अर्थ नाही, बऱ्याच वेळा भरून सरासरी काढायची. डॅशबोर्डवरचा आकडा मी धरत नाही. तो माझ्या गाडीत नेहमी एखादा किलोमीटर जास्तच सांगतो. गाडी कंपनीनेच बनवलेली, तिने मालकाची बाजू कशाला घ्यावी?

सर्व्हिस सेंटरला विचारलं, तेव्हा आधी ठरलेलं उत्तर मिळालं: "सर, ते ड्रायव्हिंग पॅटर्नवर असतं." स्कॅनर लावला, सगळं ओके. मी हटत नाही म्हटल्यावर त्यांनी मायलेज टेस्ट घेऊ म्हणून सांगितलं. सकाळी लवकर बोलावलं, बायपासला गर्दी व्हायच्या आत. टाकी गळ्यापर्यंत भरली. टेक्निशियन चालवायला बसला, मी शेजारी. एसी बंद. काचा वर, कारण काच उघडी ठेवली तर हवेचा अडथळा वाढतो. पाचवा गियर, काटा 50 वर, आणि पाय असा की ॲक्सिलरेटरवर अंडं ठेवलं आहे. मागून येणारे टेम्पोवाले हॉर्न मारून, हात करून पुढे जात होते. घाम पुसत परत आलो, पुन्हा टाकी भरली, भागाकार केला आणि पोराचा चेहरा खुलला. "बघा सर, 21 देते की नाही!"

देते. प्रश्नच नाही. पोट आत ओढून धरलं की शिंप्याच्या टेपला कंबर कमीच भरते. पण मला त्या पँटमध्ये दिवसभर बसायचं असतं.

त्या मुलाने केलं तेच तुमच्या प्रयोगशाळेत जास्त शिस्तीने होतं. ब्रोशर वाचणाऱ्या बहुतेकांना याची कल्पना नसते, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो. तुम्हाला हे पाठ आहे, पण पत्र खुलं आहे.

गाडी रस्त्यावर जातच नाही. तिची चाकं रोलरवर असतात आणि समोरून मोठा पंखा वारा सोडतो. रस्त्यावर टायर किती घासतील, हवा किती अडवेल, ते आधी मोकळ्या ट्रॅकवर मोजून रोलरला तेवढा भार दिलेला असतो. चाचणीआधी गाडी तासन् तास 20 ते 30 अंश तापमानात नुसती उभी ठेवतात. चालकासमोर पडद्यावर एक रेघ पुढे सरकत असते, वेग कधी किती हवा हे ती सांगते, आणि त्या रेघेच्या दोन किलोमीटर आत-बाहेर त्याने राहायचं. एसी बंद. चढ नाही, उतार नाही, खड्डा नाही, स्पीडब्रेकर नाही. पेट्रोलही मापून बघत नाहीत. एक्झॉस्टमधून निघालेला धूर पिशव्यांमध्ये गोळा करतात, त्यात कार्बन किती आहे ते तपासतात आणि त्यावरून किती इंधन जळलं असेल ते काढतात. पद्धत म्हणून ही उत्तम आहे, माझ्या राउंड फिगरवाल्या पंपापेक्षा कितीतरी नेमकी.

गोम त्या रेघेत आहे. एमआयडीसी, म्हणजे मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, असं तिचं नाव. (हे नाव वाचून आमच्याकडे कुणालाही भोसरी-चाकणची एमआयडीसी आठवेल. तिथली सकाळची गर्दी या रेघेत कुठेही नाही.) 1180 सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना थोडी कमी. त्यात साडेदहा किलोमीटरच्या आसपास अंतर होतं, म्हणजे सरासरी ताशी 32. पहिल्या भागात 195 सेकंदांचं एकच आवर्तन चार वेळा. त्यात गाडी एकदा 15 वर जाते, एकदा 32 वर, एकदा 50 वर, आणि मधे थांबते. दुसरा भाग 400 सेकंदांचा, मोकळ्या रस्त्याचा म्हणून धरलेला, कमाल वेग 90.

पहिल्या भागात शून्यावरून 50 गाठायला 26 सेकंद दिलेले आहेत. सव्वीस! नळस्टॉपला सिग्नल सुटल्यावर कुणी 26 सेकंद घेऊन 50 ला पोचायचं ठरवलं, तर तिसऱ्या सेकंदाला मागचा रिक्षावाला त्याचा उद्धार करेल, आणि सहाव्या-सातव्या सेकंदाला दोन्ही बाजूंनी दुचाक्या घुसल्यामुळे त्याला पुन्हा ब्रेक दाबावा लागेल. आमच्या शहरात इंधन जातं ते इथेच. दहा-पंधरापर्यंत न्यायचं, ब्रेक मारायचा, पहिल्या गियरवर फरफटत जायचं, पुन्हा थांबायचं. हिंजवडीच्या रांगेत एक किलोमीटर जायला किती वेळ लागतो, हे इथल्या वाचकाला मी सांगायला नको.

ही रेघ मुळात आपली नाहीच. शहरी भागाचं आवर्तन युरोपात 1970 च्या सुमाराला ठरलं, तेव्हाच्या तिकडच्या शहरांतल्या वाहतुकीवरून आणि तेव्हाच्या कमी ताकदीच्या गाड्यांवरून. महामार्गाचा भाग त्याला 1990 मध्ये जोडला गेला. आपण तो घेतला आणि 120 चा कमाल वेग 90 वर आणला. मॉडिफाइड ते एवढंच. त्याआधी आपली स्वतःची इंडियन ड्रायव्हिंग सायकल होती: 108 सेकंदांचं आवर्तन सहा वेळा, कमाल वेग 42, सरासरी 22 च्या जवळपास. ती जुनी होती, तोकडी होती, पण तिची सरासरी आजच्या कर्वे रोडला जास्त जवळची आहे, ही गंमतच म्हणायची.

आता मुद्द्यावर येतो. अशी रेघ ठेवण्यात चूक काय? सरकारच्या कामासाठी काहीच नाही. तुम्हाला सगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच फूटपट्टीने मोजायच्या असतात. 2017 पासून कंपन्यांना कॅफे, म्हणजे कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी इंधनवापराचे, निकष लागू आहेत आणि 2022 पासून त्यांचा दुसरा टप्पा. त्यात विकलेल्या गाड्यांचं सरासरी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन किलोमीटरला 113 ग्रॅमच्या आसपास आणायचं, असा हिशेब आहे, कंपनीच्या गाड्यांच्या वजनानुसार थोडा इकडेतिकडे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे 113 ग्रॅम म्हणजे लिटरला वीस किलोमीटरच्या थोडं वर. ब्रोशरवर वीस-बावीसचे आकडे का दिसतात, ते यावरून कळावं. तो आकडा म्हणजे कंपनीचा परीक्षेचा निकाल आहे. परीक्षेला सगळ्यांना एकच पेपर हवा, तो सोपा की अवघड हा पुढचा प्रश्न.

पण हा निकाल माझ्या हातात दरपत्रक म्हणून का दिला जातो? ब्रोशरवर आकड्याला चांदणी असते आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं की केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 च्या नियम 115 नुसार चाचणी संस्थेने प्रमाणित. एसी बंद होता, हे कुठे लिहिलेलं आहे? 26 सेकंदांचं कुठे आहे? शोरूममधल्या सेल्समनला विचारून बघा, त्यालाही माहीत नसतं. तो आपला सांगतो, "सर, एआरएआय 22 आहे, तुम्हाला वीस तरी कुठे गेलं नाही."

यावर कंपन्यांचं उत्तर एकच: प्रत्येकाचं चालवणं वेगळं. कबूल. पण फरक निव्वळ चालवण्याचा असता, तर तो दोन्ही बाजूंना दिसायला हवा होता. निम्म्या लोकांना 22 पेक्षा कमी आणि निम्म्यांना जास्त. माझ्या ओळखीत रोजच्या वापरात ब्रोशरपेक्षा जास्त ॲव्हरेज काढणारा माणूस अजून भेटलेला नाही. सोसायटीत एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, दर वेळी चढउतार बघून न्यूट्रल करायचे की नाही यावर तासभर बोलतील असे. तेसुद्धा 17 वर अडकले आहेत. सगळेच बाण एका बाजूला पडत असतील तर तिरंदाजांना दोष देऊन चालणार नाही.

दोन आकडे वेगळे ठेवता येतात, हे जगात दुसरीकडे चाळीस वर्षांपूर्वी करून झालं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, 1980 च्या दशकात पाहिलं की लोकांना प्रयोगशाळेइतकं मायलेज मिळत नाही. त्यांनी लगेच नवी चाचणी काढली नाही. सरळ कात्री लावली. नव्या गाडीच्या काचेवरच्या स्टिकरवर छापताना शहराचा आकडा 10 टक्क्यांनी आणि हायवेचा 22 टक्क्यांनी कमी करायचा. पुढे 2008 मॉडेलच्या गाड्यांपासून स्टिकरसाठी पाच चाचण्या धरायला लागले, त्यांत एक 35 अंशांवर एसी चालू ठेवून, एक जोरात चालवण्याची, एक उणे 7 अंशांच्या थंडीतली. आणि कंपन्यांच्या कॅफे हिशेबासाठी? तिथे जुन्या दोन चाचण्यांचा न कापलेला आकडाच चालू राहिला. म्हणजे कंपनीसाठी एक आकडा, ग्राहकासाठी दुसरा. स्टिकरवर शहर आणि हायवे वेगळे, 100 मैलांना किती इंधन लागेल ते, आणि वर्षाला साधारण किती डॉलर जातील तेही.

तिथे स्टिकरवरच्या आकड्याला किंमत असल्यामुळे तो चुकला तर भरपाईही द्यावी लागते. ह्युंदाई आणि किया यांनी 2012 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे नऊ लाख गाड्यांचे आकडे खाली आणले, मालकांना जास्तीच्या इंधनाचे पैसे देऊ केले, आणि 2014 मध्ये वर 10 कोटी डॉलरचा दंड भरायला तयार झाले. जपानमध्ये मित्सुबिशीने 2016 मध्ये इंधन चाचणीच्या माहितीत फेरफार केल्याचं कबूल केलं, सव्वासहा लाख छोट्या गाड्यांच्या बाबतीत. यातलं मित्सुबिशीचं प्रकरण तर उघड लबाडीचं होतं. आपल्याकडे कुणी तशी लबाडी केली असं मी म्हणत नाही. इथे लबाडीची गरजच पडत नाही, कारण नियम पाळूनच आकडा एवढा फुगतो.

युरोपचा अनुभव जास्त शिकण्यासारखा आहे, कारण रेघ त्यांच्याकडूनच घेतली. तिथे 2001 च्या सुमारास कागद आणि रस्ता यांच्यात आठ-नऊ टक्क्यांचा फरक होता. आयसीसीटी या संशोधन संस्थेने वर्षानुवर्षं लाखो गाड्यांची आकडेवारी जमवून दाखवलं की 2015 पर्यंत तो 40 टक्क्यांच्या वर गेला. गाड्या बिघडत गेल्या म्हणून नव्हे. कंपन्या त्या चाचणीत हुशार होत गेल्या म्हणून. मग 2017 पासून डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी आली: अर्धा तास, सव्वातेवीस किलोमीटर, 131 पर्यंत वेग. आपल्याकडेही तिच्याकडे जायचा मसुदा तुम्ही काढला आहे, आणि एसी चालू ठेवून इंधन मोजण्याच्या प्रस्तावाच्या बातम्याही वाचल्या. स्वागत आहे. दोन्ही गोष्टी लवकर होवोत.

पण एवढ्याने काम भागेल, असं समजू नका. युरोपात 2021 पासून नव्या गाड्यांमध्ये किती इंधन जळलं आणि किती अंतर गेलं, याची नोंद ठेवणारी सोय सक्तीची आहे. ती नोंद गोळा करून युरोपीय आयोगाने 2024 मध्ये अहवाल दिला. नव्या, कडक समजल्या जाणाऱ्या डब्ल्यूएलटीपीनंतरही पेट्रोल-डिझेलच्या गाड्या कागदापेक्षा साधारण 20 टक्के जास्त इंधन पितात. प्लग-इन हायब्रिड तर साडेतीन पट! लोक त्या चार्जच करत नाहीत, पेट्रोलवरच पळवतात. चाचणी कितीही सुधारली तरी ती चाचणीच राहते. खरं काय ते गाडीलाच विचारावं लागतं.

आणि गाडीला ते माहीत असतं. इंजेक्टरने किती पेट्रोल सोडलं, ते इंजिनच्या संगणकाला ठाऊक असल्याशिवाय इंजिन चालणारच नाही. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज त्यातूनच येतं. दरवर्षी आम्ही पीयूसी काढतो, सहा महिन्यांनी-वर्षाने सर्व्हिसिंगला गाडी टाकतो. तिथे स्कॅनर लागतोच. ती एक ओळ, एकूण किलोमीटर आणि एकूण लिटर, नंबर प्लेट आणि मालकाचं नाव वगळून तुमच्याकडे जमा करायला काय हरकत आहे? दोन वर्षांत प्रत्येक मॉडेलचं पुण्यातलं, नागपूरच्या मे महिन्यातलं, कोकणच्या घाटांतलं खरं ॲव्हरेज देशासमोर येईल.

एवढं सगळं मी लिटर-दोन लिटरसाठी लिहीत नाही. वर्षाला 12 हजार किलोमीटर धरा. 22 च्या हिशेबाने 545 लिटर लागतात, 14 च्या हिशेबाने 857. तीनशेहून जास्त लिटरचा फरक. पेट्रोल शंभराला धरलं तरी वर्षाला 31 हजार रुपये, आणि पुण्यात ते शंभराला मिळून बराच काळ झाला. आमच्यासारखे लोक हे सोसतात आणि शिव्या देतात. पण ॲपवर टॅक्सी चालवणारा माणूस कर्ज काढताना हाच आकडा धरून बसतो. हप्ता एवढा, इंधन एवढं, हातात एवढं. आमच्या चौकात गाडी लावणाऱ्या एका ड्रायव्हरने मला त्याची वही दाखवली. पहिल्या पानावर शोरूममध्ये बसून केलेला हिशेब, त्यात सीएनजीचं ॲव्हरेज कंपनीचं. पुढच्या पानांवर रोजचा खर्च. पहिलं पान आणि दुसरं पान यांच्यात महिन्याला जवळपास अर्ध्या हप्त्याचा फरक पडत होता. तो म्हणाला, "गाडी चांगली आहे, काही तक्रार नाही. गणितच चुकीचं दिलं त्यांनी."

पेट्रोल घ्यावी, सीएनजी घ्यावी की दीड-दोन लाख जास्त मोजून हायब्रिड, हा निर्णय याच आकड्यांवर होतो. त्यातही लिटरला किती किलोमीटर, ही मोजायची रीतच फसवी आहे. 20 ची गाडी सोडून 25 ची घेतली तर 100 किलोमीटरला एक लिटर वाचतं. 10 ची सोडून 12 ची घेतली तर दीड लिटरच्या वर वाचतं. पाचची उडी मोठी दिसते, दोनची छोटी, आणि पैसे वाचतात उलटे. 100 किलोमीटरला किती लिटर, असं लिहिलं तर हा गोंधळ राहत नाही.

त्यात आता ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. मी ऊसवाल्यांच्या राज्यातला, इथेनॉलविरुद्ध बोलायची माझी प्राज्ञा नाही. शेतकऱ्याला पैसे मिळतात आणि तेलाची आयात कमी होते, हे मान्य. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, हे पाठ्यपुस्तकातलं आहे. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच लिहिलं आहे की साध्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींची कार्यक्षमता ई20 वर 6 ते 7 टक्क्यांनी घटेल, आणि ई20 साठी जुळवलेल्या नव्या गाड्यांची 1 ते 2 टक्क्यांनी. सरकारी कागद हे सांगतो, मग जुन्या गाडीच्या मालकाला तसं अधिकृतपणे कोण सांगणार? ज्या इंधनावर तिचा आकडा ठरला, ते आता बहुतेक पंपांवर मिळत नाही. दर लिटरचा तोच, लिटरमधलं बळ कमी.

विजेच्या गाड्यांच्या बाबतीत मात्र चित्र बदललं. तिथे प्रमाणित रेंज आणि खरी रेंज यांच्यातला फरक लोकांना परवडत नाही, कारण फरक पडला तर माणूस रस्त्यात अडकतो. म्हणून टाटा मोटर्ससारखी कंपनी 2024 पासून प्रमाणित रेंजबरोबर बहुसंख्य ग्राहकांना प्रत्यक्ष मिळेल ती रेंजही सांगायला लागली. पेट्रोलवाला अडकत नाही, दर पाच-सात किलोमीटरला पंप असतो, तो फक्त जास्त पैसे देतो. म्हणून त्याला खरं सांगायची कुणाला घाई नाही. बाजार आपोआप सुधारेल, असं तुम्ही म्हणणार असाल तर त्याचं उत्तर हे आहे.

ग्राहक न्यायालयात जा, असंही म्हणाल. केरळात त्रिशूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाने 2022 मध्ये एका डिझेल गाडीच्या मालकिणीला 3 लाख 10 हजार रुपये देववले. जाहिरातीत 32 चा दावा, तपासणीत 20 च्याही खाली. निकाल वाचून आनंद झाला. पण त्या बाईंनी गाडी घेतली होती कितीतरी वर्षं आधी. प्रत्येक गाडीमालकाने वकील लावून, तज्ज्ञाकडून गाडी तपासून घेऊन, वर्षानुवर्षं तारखा घालवून जे मिळवायचं, ते एका कागदी स्टिकरने मिळणार असेल तर आयोगाचा वेळही वाचेल.

तेव्हा माझी विनंती अशी. प्रमाणपत्राचा आकडा कॅफेसाठी ठेवा, फाइलमध्ये ठेवा, कंपन्यांना त्यावरून बक्षीस द्या नाहीतर दंड करा. जाहिरातीत आणि शोरूममध्ये तो एकटा छापायला बंदी करा. तिथे शहर आणि महामार्ग असे दोन आकडे हवेत, एसी चालू असतानाचे, 100 किलोमीटरला किती लिटर आणि वर्षाला किती रुपये या भाषेत, आणि आकडा कोणत्या इंधनावर काढला तेही. गाड्यांच्या संगणकातून खरी नोंद जमा व्हायला लागली की ते आकडे दरवर्षी तिच्यावरून दुरुस्त करा. तोपर्यंत अमेरिकेसारखी सरळ कात्री लावा. किती टक्के, ते तुमच्या शास्त्रज्ञांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

यातलं एक काम तर या आठवड्यातही होईल. एमआयडीसीचे दोन भाग आहेत, शहराचा आणि मोकळ्या रस्त्याचा, आणि पिशव्यांमधला धूर दोन्ही भागांसाठी वेगवेगळा तपासता येतो. आज विकल्या जाणाऱ्या मॉडेलांचे दोन्ही भागांचे आकडे चाचणी संस्थांकडे असतील तर ते तुमच्या संकेतस्थळावर टाका, आणि नसतील तर पुढच्या प्रत्येक प्रमाणपत्रात ते लिहायची अट घाला. सगळ्या कंपन्यांचे, नावासकट, एका तक्त्यात. मराठीतही टाकलात तर उत्तम, टॅक्सीवाल्याला वहीत उतरवून घेता येतील.

कळावे,
आपला,
कोथरूडचा एक गाडीमालक